डब्याच्या तळाचं तेल

माझ्या नातीला शेंगदाणा चालत नाही हे आम्हाला कळलं ते माझ्याच हातच्या लाडवामुळे. तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती. दाण्याचा कूट, गूळ आणि वेलची, एवढाच तो लाडू. तिने अर्धा खाल्ला, उरलेला अर्धा माझ्या तोंडात कोंबला, आणि पाचेक मिनिटांत तिचे ओठ सुजायला लागले. मग डोळे सुजले. पोटावर, पाठीवर लाल गांधी उठल्या. मी तिला उचलून रिक्षात बसलो तेव्हा माझ्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. हे मला दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं, आणि तेही हसत.

इंजेक्शन दिल्यावर तासाभरात सूज उतरली आणि नात नर्सच्या खिशातलं पेन मागायला लागली. चाळीस वर्षं सुईत दोरा ओवणारा मी, पण त्या दिवशी मशीन उघडलंच नाही.

दवाखान्याच्या पायरीवर लेक म्हणाली, "अप्पा, तुमच्यावर राग नाही. पण पुन्हा असं झालं तर मी हिला डे-केअरमध्ये घालणार. मला तिकडे ऑफिसात बसून भीती वाटते."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

लेक मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात ऑफिसचं काम बघते, जावई कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्यांचं नवं घर हूटगळ्ळीला आणि नातीची शाळा माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, जयलक्ष्मीपुरमला. शाळा दोनला सुटते, लेक साडेपाचला येते. मधले साडेतीन तास माझे. दुकान बंद केल्यापासून माझ्या दिवसात तेवढाच भाग जगण्यासारखा उरलाय, हे सांगायला मला लाज वाटत नाही. मी सफारी शिवणारा माणूस. आता सफारी घालणारेच राहिले नाहीत. घरी एक मशीन आहे, कोणी पॅंटची उंची कमी करायला आणतं, कोणी ब्लाउज सैल करायला. सकाळ त्यात जाते. पण पावणेदोनला मी मशीनवर कापड टाकतो आणि शाळेच्या गेटकडे निघतो. गेट उघडायच्या आधी तिथे उभा असलेला मी एकटाच म्हातारा असतो.

आम्ही म्हैसूरचे मराठी. किती पिढ्यांपूर्वी आलो ते कोणालाच नीट सांगता येत नाही. आमचं मराठी ऐकून पुण्याहून बदलीवर आलेला माणूस आधी गोंधळतो आणि मग हसतो. भाषा कन्नडात मुरली, सण इथले झाले, दुपारी सारू, म्हणजे इथलं सार, आणि भात नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही. पण एक गोष्ट सुटली नाही, ती म्हणजे दाण्याचा कूट. शेजारणी भाजीत खोबरं घालायच्या, आमच्याकडे कूट. माझी बायको म्हणायची, "कूट संपला की आपण कन्नडिग झालो समजा." ती जाऊन सहा वर्षं झाली. तिच्यामागे मी स्वयंपाक शिकलो, आणि कुटाची बरणी तिने ठेवली होती त्याच फळीवर राहिली.

लाडवाच्या दुसऱ्या दिवशी मी ती बरणी रिकामी केली. मिक्सरचं भांडं बदललं, पोळपाट-लाटणं बदललं, फळ्या सोड्याने धुतल्या. धुताना बायकोशी मनातल्या मनात थोडं भांडलो. मग बरणीत साखर भरली आणि तो विषय संपवला.

ॲलर्जीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांच्या पांढऱ्या कोटाचा डावा खांदा अर्धा इंच खाली उतरत होता. माझं अर्धं लक्ष तिकडे. आता वाटतं, ते अर्धं लक्ष त्यांच्या बोलण्याकडे असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. त्या म्हणाल्या, शेंगदाणा कुठल्याही रूपात नको. कूट नको, चिक्की नको, चटणी नको, दाणे घातलेलं बाहेरचं निप्पट्टू नको. लेकीने विचारलं, "आणि तेल?" त्या म्हणाल्या, दुकानात मिळणाऱ्या पाकिटातल्या तेलाला घाबरू नका, ते बहुतेक चालतं. मी घरी आलो तो एवढंच घेऊन: शेंगदाण्याचं तेल चालतं. पाकिटाचा भाग माझ्या कानावरून गेला.

पण बाकी बाबतींत मी कडक होतो. दुकानातली मापाची एक वही अर्धी कोरी होती. त्यात मी नातीचं रोजचं खाणं लिहायला लागलो. जिथे पूर्वी छाती, खांदा, बाही लिहायचो तिथे आता दोन इडल्या, खोबऱ्याची चटणी, एक केळं. वेळही लिहायचो. घरात काय आणलं तेही लिहायचो. लेक वही बघून हसली, पण तिला बरं वाटलं हे मला दिसलं. आठ-नऊ महिने असे बिनघोर गेले.

मग हूटगळ्ळीला, लेकीच्या घराच्या कोपऱ्यावर, लाकडी घाणा आला.

घाणा म्हणजे बैल वगैरे काही नाही. विजेवर फिरणारी लाकडी उखळी, वरून दाणे ओतायचे, खालून तेल. पण बाहेर पाटी मोठी आणि रविवारी सकाळी रांग त्याहून मोठी. फिरायला जाणारे लोक पायांत महागडे बूट आणि हातात स्टीलचे डबे घेऊन उभे. जावई कन्नड, सासऱ्याला मावा म्हणतो. मला म्हणाला, "मावा, पाकिटातलं तेल म्हणजे नुसतं केमिकल. हे बघा, डोळ्यांसमोर काढून देतात." त्याच्या घरी तेव्हापासून सूर्यफुलाचं घाण्याचं तेल सुरू झालं. मी शेंगदाण्याचं घेतलं. मला कोणी फार समजवावं लागलं नाही. जन्मभर लोकांना सांगत आलो की रेडीमेडपेक्षा हाताने शिवलेलं बरं. मग तेल तरी पाकिटातलं का? स्वतःसाठी मी काहीही खाल्लं असतं. नातीसाठी मात्र सगळ्यात शुद्ध हवं होतं. वाटेत बसमध्ये डबा मांडीवर धरून बसलो होतो आणि मनातून अगदी खूश होतो.

त्या तेलात मी तिला तिखट-मिठाच्या पुऱ्या तळून दिल्या. ओवा, हळद, चिमूटभर तिखट. पुरी फुगली की ती टाळ्या वाजवायची आणि पहिली संपायच्या आत म्हणायची, "अज्जा, इन्नोंदु!" म्हणजे आणखी एक. अज्जा हा शब्द तिला बरा पडतो, मराठीतही खपतो आणि कन्नडातही. तेलाचा वास तर असा की शेजारच्या बाई भिंतीवरून डोकावून विचारायच्या, आज काय विशेष? आठवड्यातून दोनदा पुऱ्या व्हायला लागल्या आणि महिनाभर सगळं छान चाललं.

मग एका मंगळवारी, पाचच्या सुमाराला, ती खेळता खेळता मान खाजवायला लागली. फ्रॉक वर करून बघतो तो पाठीवर गांधी. डॉक्टरीणबाईंनी दिलेलं औषध दिलं, लेकीला फोन केला, श्वास बघत मांडीवर घेऊन बसलो. ओठ सुजले नाहीत. लेक आली तोवर गांधी फिकट पडायला लागल्या होत्या.

लेक सरळ स्वयंपाकघरात गेली. एकेक डबा उघडला, मिक्सरच्या भांड्याचा वास घेतला, फळीवरची बरणी काढून त्यातली साखर चाखली. मी दारात उभा राहून बघत होतो आणि माझा पारा चढत होता.

"मी काय चोर आहे का?" मी ओरडलो. "विठ्ठलाशपथ, या घरात दाणा नाही."

तिचे डोळे भरून आले. "सॉरी अप्पा. मग झालं कशाने? मला सांगा ना, कशाने झालं?"

मी वही उघडली. दुपारी पुऱ्या, साडेतीन वाजता. त्याआधी शाळेचा डबा, तो लेकीनेच दिलेला. पुऱ्या तर ती महिनाभर खात होती. वहीत काही सापडलं नाही. लेकीने फोनवर मला एका डे-केअरचे फोटो दाखवले, रंगीत खुर्च्या, भिंतीवर जिराफ. म्हणाली, "या वेळी कारण कळलं नाही म्हणून थांबते. पण अप्पा, आता खरंच शेवटचं."

जिराफाचा मला राग आला. त्याने माझं काही बिघडवलं नव्हतं, पण आला.

यानंतर तीन-साडेतीन आठवडे गेले. त्या शुक्रवारी आमच्या विहीणबाई, म्हणजे जावयाची आई, नातीला बघायला माझ्याकडे आल्या. येताना त्यांनी स्वतः केलेली खोबऱ्याची बर्फी आणली होती. विहीणबाई कन्नड, स्वयंपाकात फार तयार आणि ते त्यांना ठाऊक. माझं आणि त्यांचं लग्नाच्या पंगतीपासून गोड भांडण चालू आहे. त्यांचं म्हणणं, तुम्हा मराठी लोकांना दाण्याशिवाय काही सुचत नाही, म्हणून पोरीच्या नशिबी हे आलं. माझं म्हणणं, तुमच्याकडे खोबरं नसलं तर चूलच पेटत नाही. दोघंही हसत बोलायचो, पण मनात थोडं राहायचंच.

पाच वाजता नातीने बर्फीचा एक तुकडा खाल्ला. पाच दहाला तिचा खालचा ओठ सुजला आणि मानेवर गांधी उठल्या.

औषध दिलं. लेक धावत आली. या वेळी पुन्हा दवाखाना झाला, तासभर तिथे बसवून ठेवलं, मग घरी सोडलं. नात बरी होती, गाडीत गाणं म्हणत होती. आणि आता जे सांगतो ते सांगायला मला जड जातंय. ती बरी आहे हे कळल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की या वेळी मी सुटलो.

नुसता सुटलो नाही, वकीलही झालो. वही काढली आणि लेक-जावयासमोर धरली. "बघा, बर्फी पाचला, ओठ पाच दहाला. लाडवाच्या वेळीही पाचच मिनिटं लागली होती. हिशोब सरळ आहे." विहीणबाई समोर बसल्या होत्या. त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "नानु एनू हाकिल्ल." मी काही घातलेलं नाही. खोबरं, साखर, तूप, वेलची. जावयाने विचारलं, "अम्मा, त्याच भांड्यात आधी दाणे भाजले होतेस का?" त्यांना आठवेना. आणि आठवत नाही म्हटल्यावर सगळ्यांनी समजायचं ते समजलं. बर्फीचा डबा परत गेला. जावयाने आईला सांगितलं की यापुढे पोरीसाठी काही करून आणू नकोस. मी मूग गिळून बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, घ्या, आणखी बोला माझ्या दाण्याला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. तेल संपलं होतं म्हणून डबा धुवायला काढला. उपडा केला तरी तळाचं काही निघेना. बोटभर जाडीचा तपकिरी गाळ खाली बसला होता. चमच्याने खरवडला, तो चमच्यावर घट्ट राहिला. नाकाशी नेला आणि माझा हात तिथेच थांबला. बायकोच्या बरणीचा वास. भाजलेल्या कुटाचा, अगदी तोच.

मी तसाच ओल्या हातांनी वहीकडे गेलो. शुक्रवारी बर्फी, पण त्याआधी साडेतीनला पुऱ्या, चार. आज शनिवार, तेल आणायचं. मागे गेलो. तो मंगळवार: साडेतीनला पुऱ्या, तीन. त्याखाली बुधवारच्या रकान्यात माझ्याच अक्षरात, "तेल आणलं." दोन्ही वेळा मी डब्याच्या तळाचं तेल ओतून पुऱ्या तळल्या होत्या. वरचं तेल नितळ होतं तोवर तिला काही झालं नाही. संपत आलं, गाळ कढईत आला, आणि झालं.

तरी माणसाचं मन बघा. मी डबा घेऊन घाण्यावर गेलो, कारण मला अजून आशा होती की मी चुकतोय. मालकाला विचारलं, तुम्ही तेल गाळता का? तो दुखावला. "गाळायचं? अय्यो, यजमान्रे! इथे काही काढत नाही, काही घालत नाही. दाण्याचं सगळं सत्त्व तुमच्या डब्यात." त्याने ड्रमचं झाकण उघडून मला वास दिला. बिचाऱ्याचं काही खोटं नव्हतं. नवीन तेल न घेताच मी परतलो, आणि त्याला वाटलं म्हातारा महागाईमुळे गेला.

सोमवारी सकाळी एकटाच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. चमचाभर गाळ बाटलीत घालून नेला होता. त्यांनी बाटली उजेडात धरली आणि डोक्याला हात लावला.

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. ॲलर्जी तेलाची नसते, दाण्यातल्या प्रथिनाची असते. स्निग्धपणाचा त्यात दोष नाही. कारखान्यात तेल इतकं गाळतात, धुतात, तापवतात की प्रथिन जवळजवळ उरतच नाही. त्याबरोबर वास जातो, चव जाते, म्हणून आपण त्याला नावं ठेवतो. घाण्यात दाणा नुसता चिरडला जातो. तेलाबरोबर दाण्याचे बारीक कण उतरतात आणि हळूहळू तळाला बसतात. आणि ते तळून जात नाहीत.

"पण पुऱ्या साडेतीनला आणि गांधी पाचला?" मी विचारलं. "लाडवाने तर पाच मिनिटांत दाखवलं."

"लाडवात दाणा ढीगभर होता, तोंडातच लागला," त्या म्हणाल्या. "पुरीत चिमूटभर, तोही तेलात मुरलेला. तेलकट खाणं पोटात रेंगाळतं, हळू पुढे सरकतं. त्याच्याबरोबर तेही थांबून राहतं. म्हणून उशीर. आणि उशिरा आलं म्हणजे कमी आलं असं समजू नका. पहिल्याच घासाला जीभ खाजली असती तर तिने पुरी टाकली असती. जीभ खाजली नाही, म्हणून तिने चार खाल्ल्या."

इन्नोंदु, इन्नोंदु. मला ते ऐकू आलं.

"मीच तेव्हा आणखी स्पष्ट सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मुलीला तुम्ही सांगाल ना? की मी फोन करू?"

"मी सांगतो," म्हटलं आणि उठलो. त्यांच्या कोटाचा खांदा दुरुस्त करून देईन असं सांगायचं पहिल्या दिवसापासून मनात होतं, तेही राहिलं.

आणि मग मी सांगितलं नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. बाजारातून पाकिटातलं तेल आणलं, डबा माळ्यावर टाकला. मनात म्हटलं, आता पुन्हा होणारच नाही, तर सांगून काय साधायचं? होती ती दुपारही जाईल. पोरगी जिराफाच्या भिंतीखाली बसेल आणि मी दोन वाजता कुठे जाऊ? नात रोज येत होती, माझ्या मशीनखाली घर करून खेळत होती, चिंध्यांना नावं देत होती. लेक साडेपाचला हसत येत होती. सगळं पूर्वीसारखं चालू होतं, फक्त मी माळ्याकडे बघायचं टाळत होतो.

गुरुवारी दुपारी जेवणानंतर विहीणबाईंचा फोन आला. कन्नडातच बोलत होत्या, नेहमीचा चढा आवाज नव्हता. "बीगरे," म्हणजे व्याहीबुवा, "मी सगळी भांडी टाकून दिली. नवी घेतली. तरी मुलगा म्हणतो, राहू दे अम्मा, तू करू नकोस. मला झोप लागत नाही हो. माझ्या हातून त्या लेकराला काही झालं असतं तर? तुम्ही हुशार आहात, वही ठेवता. मला जरा शिकवा ना, कसं लिहायचं ते."

मी म्हटलं, "रविवारी हूटगळ्ळीला या. मीही येतो." फोन ठेवला आणि माळ्यावरून डबा काढला.

रविवारी सकाळी तो रिकामा डबा घेऊन मी बसमध्ये चढलो. कंडक्टर म्हणाला, "काय यजमान्रे, घाण्यावर का?" म्हटलं, "हो, परत करायला." खरंतर डबा माझाच होता.

नात जावयाच्या खांद्यावर बसून फाटकापर्यंत आली. तिला आत खेळायला पाठवलं. लेक, जावई, विहीणबाई सोफ्यावर, मी समोर. डबा टीपॉयवर ठेवला, झाकण उघडलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. तेल, तळ, पुऱ्या, वही, डॉक्टरीणबाई. शेवटी म्हणालो, "बर्फीत काही नव्हतं. जे होतं ते माझ्या कढईत होतं. आणि हे मला सोमवारपासून माहीत आहे. आज रविवार."

जावई डब्यात वाकून बघायला लागला, जणू त्यात अजून काही सापडणार होतं. आधी विहीणबाईच बोलल्या.

"सहा दिवस?" त्या म्हणाल्या. "सहा दिवस तुम्ही मला जाळलंत?"

"चुकलो."

"आणि त्या दिवशी वही घेऊन कसे बोलत होतात! पाचला बर्फी, पाच दहाला ओठ!" त्यांनी माझ्या आवाजाची इतकी हुबेहूब नक्कल केली की जावई हसला. मग त्यांचे डोळे पाण्याने भरले आणि त्या पदराने पुसत म्हणाल्या, "माझी भांडी मात्र तुम्ही भरून द्या. अकरा होती."

"देतो."

"आणि जाड बुडाची हवीत. स्वस्तातली चालणार नाहीत."

लेक उठून आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. एवढंच म्हणाली, "अप्पा, जेवून जा." आम्ही जेवलो. नात माझ्या मांडीवर बसून दहीभात खात होती. मी तिच्या केसांचा वास घेतला आणि ही दुपार शेवटची असं धरूनच चाललो.

सोमवारी नात आली नाही. लेकीने रजा घेतली असा निरोप जावयाने पाठवला. मंगळवारीही आली नाही. पावणेदोनला सवयीने मशीनवर कापड टाकलं, चपला घातल्या, मग काढल्या. त्या दोन दिवसांत मी एका माणसाची पॅंट चार बोटं जास्त आखूड केली. आयुष्यात पहिल्यांदाच. तो भला माणूस, म्हणाला, राहू दे, घरात घालीन.

बुधवारी नात शाळेत गेली आणि साडेबाराला लेक माझ्याकडे आली. हातात एक कागद होता. पुढच्या वर्षासाठी शाळेला भरून द्यायचा फॉर्म. ती माझ्या कापायच्या टेबलाशी बसली, माझं पेन घेतलं आणि लिहायला लागली. मी चहा ठेवला. काही विचारायची छाती होईना.

"डॉक्टरीणबाईंशी काल बोलले," ती मान न वर करता म्हणाली. "मलाही कळलं नसतं, अप्पा. मीही तेच तेल दिलं असतं. आमच्या घरी सूर्यफुलाचं आहे ते नुसतं नशिबाने."

मी चहाचा कप तिच्यापुढे ठेवला.

"पण मी असते आणि सासूबाईंच्या नावावर खपत असतं, तर मी सांगितलं असतं की नाही, मला माहीत नाही." तिने पेन थांबवलं. "दोन दिवस तेच डोक्यात होतं. डे-केअरमधल्या बाई असं डबा घेऊन बसने आल्या असत्या का?"

तिने कागद माझ्याकडे सरकवला. चष्मा शोधण्यात मी नको इतका वेळ लावला. ॲलर्जीच्या रकान्यात शेंगदाणा, आणि कंसात घाण्याचं तेलसुद्धा. त्याखाली छापलं होतं, अडचणीच्या वेळी प्रथम कोणाला कळवावं. तीन ओळी. तिसऱ्या ओळीत लेकीचा नंबर, दुसऱ्या ओळीत जावयाचा. पहिल्या ओळीत माझा.

"शाळा दोनला सुटते," लेक घड्याळाकडे बघत म्हणाली. "मी आता ऑफिसला जाते. आणि अप्पा, तुम्ही सकाळी मशीनवर बसलात की फोन सायलेंटवर टाकता. तो यापुढे टाकायचा नाही."